पटाच्या मैदानात माझं पत्रक

पत्रक वाचून माणूस सुधारतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मला माझ्या वडिलांनी सांगितलं आणि मी ते कधी तपासून पाहिलं नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दिवाणाखाली चादरी नसायच्या, पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील एका कचेरीत कारकून. कचेरी सुटली की ते लिहायला बसत. पाणीटंचाईवर, भोंदू बाबांवर, कंत्राटी कामगारांवर. माझ्या वर्गातल्या मुली ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचत होत्या तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. ‘जाहीर’मधला दीर्घ ही मी शाळेच्या आधी गिरवला.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं क्रांती चौकात उभे राहायचो. सिग्नल लाल झाला की गाड्यांच्या रांगेत शिरायचं. कागद माणसाच्या छातीच्या उंचीवर धरायचा, म्हणजे तो नकळत घेतो. गठ्ठा संपला की परत मागं चालत यायचं आणि खाली किती कागद पडलेत ते बघायचं. पडलेले उचलायचे, झटकायचे, पुन्हा वाटायचे. “जितके पडले तितके आपण नापास,” वडील म्हणायचे. कधीकधी अर्धा गठ्ठा खाली असायचा.

त्यांचा एक नियम होता. मोघम लिहायचं नाही. “‘काही लोक गैरप्रकार करतात’ असं लिहिलंस की प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो. कोण करतं, काय करतं, कसं करतं, कधी करतं, सगळं लिही. उघडंनागडं लिही.” मी तसंच लिहायला शिकले. कॉलेजात माझ्या पत्रकांना लोक घाबरत, याचा मला अभिमान होता.

माझे मामा देवगाव रंगारीला शेती करतात. कापूस, मका, थोडं अद्रक. नांगराला ट्रॅक्टर आहे, तरी गोठ्यात एक जोडी आहे, ती फक्त पटाची. पट म्हणजे बैलांची शर्यत. हलका छकडा, मागं हाकणारा, समोर सरळ रान आणि शेवटाला घड्याळ. ज्या जोडीला कमी वेळ लागेल ती पहिली. मधली काही वर्षं या शर्यतींवर बंदी होती, तेव्हाही मामांनी जोडी विकली नाही. त्यातला डाव्या अंगाचा बैल कपाळावर पांढरा चांद घेऊन जन्मला होता. त्याची आई व्यायली तेव्हाच गेली म्हणून मामीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळत आणि घरातल्या थोर माणसाला सांगावं तसं वाकून सांगत, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

मामी चुलीपाशी बसून टोमणा मारायची. “माझ्या लग्नात मला एवढी हळद लागली नव्हती गं बाई. पोरांना एक अंडं मागितलं की डोळे वटारत्यात, आन् बैलाला सहा-सहा फोडत्यात.”

“पोरं पळत्यात का तेवढी?” मामा म्हणायचे.

पट असावा की नसावा, यावर मामांचं आणि माझं कधी जमलं नाही. मी म्हणायचे, त्याला विचारलंय का कोणी पळायचं का म्हणून? मामा म्हणायचे, तुला विचारून शाळेत घातलं का? पण एका गोष्टीवर मी त्यांना मानत होते. त्यांच्या हातात कधी चाबूक नव्हता. जिभेनं टिचकी वाजवली की जोडी उसळायची. शेपटी पिरगाळणं नाही, काठीची आर टोचणं नाही, काही नाही. आमच्याकडं भाचीचा मान मोठा. मामा भाचीच्या पाया पडतो, भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. मी घरात शिरले की हे साठीतले मामा माझ्या पायांना हात लावत, आणि मी दर वेळी ओशाळून मागं सरकायचे.

गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडं आले, चहा घेतला आणि म्हणाले, “बाई, तुझ्या बापानं जगाचे कागद लिवले. आमच्या पटाचा एक लिव्ह की.”

“काय लिहू?”

“लोकं बैलाला काय काय टोचायलेत ते. मागल्या पटात आपली जोडी पाचवी आली. म्होरच्या चारांचे डोळे पाहिले व्हते का तू? लाल. बाहीर आलेले. इमानदारीनं पळणाऱ्यानं कामून हरावं?”

मला एवढंच हवं होतं. मी त्याच आठवड्यात ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडं गेले. पटाच्या सकाळी बैल तपासून पळवायची परवानगी देतात, ते हेच. त्यांनी सगळं सांगितलं, पण सांगून झाल्यावर माझ्या वहीकडं बोट केलं.

“हे सगळं छापणार?”

“सगळं.”

“देऊ नका, जनावर मरतं, एवढंच लिहा ना. कसं देतात ते कशाला?”

“डॉक्टर, मोघम लिहिलं की लोक मनावर घेत नाहीत.”

“आणि सविस्तर लिहिलं की घेतात,” ते म्हणाले. “मला त्याचीच काळजी आहे.”

सरकारी माणूस, घाबरणारच, असं मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. आम्ही दोघं हसलो. ते हसू मला आजही ऐकू येतं आणि लाज वाटते.

पत्रक एका पानाचं झालं. चौथ्या ओळीत दुखणं दाबणाऱ्या इंजेक्शनचं नाव होतं. लंगडणाऱ्या बैलालाही आपलं लंगडणं कळत नाही, असं मी लिहिलं. पाचव्या ओळीत काळीज उधळवणारं औषध होतं, नावासकट. सहाव्या ओळीत मी लिहिलं की, हे तपासणी झाल्यावर देतात, म्हणून सकाळी सापडत नाही. वाक्य घट्ट होतं. वडिलांनी एका शब्दालाही हात लावला नाही, आणि ही त्यांच्याकडून माझ्या लिखाणाला मिळालेली सगळ्यात मोठी दाद होती.

पटाच्या आठ दिवस आधी, बाजाराच्या दिवशी, मी देवगावात पाचशे कागद वाटले. मामा माझ्या शेजारी उभे राहून ओरडत होते, “घ्या, आमच्या भाचीनं लिवलंय! फुकट हाय, घ्या!” लोकांनी घेतले. उभ्या उभ्या वाचले. ज्याला वाचता येत नव्हतं त्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “ताई, ह्या चौथ्या ओळीतलं माणसाला चालतं का? गुडघे लई दुखायलेत.” सगळे हसले. मीही हसले.

गठ्ठा संपल्यावर मी सवयीनं मागं चालत गेले, खाली बघत. पेंढा होता, केळ्याच्या साली होत्या, कांद्याचा पाला होता. माझा एकही कागद नव्हता. एकही! लोकांनी ते चौकोनी घड्या घालून खिशात ठेवले होते. मी तिथूनच वडिलांना फोन केला. “बाबा, एकसुद्धा पडला नाही.” ते म्हणाले, “जिंकलीस.”

पटाच्या दोन दिवस आधी मामा शहरात आले. चांदवाला बैल सरावात दगडावर पाय पडून जरा लचकला होता, म्हणाले. “मग नका पळवू,” मी म्हणाले. “बघतो,” ते म्हणाले. त्यांच्याकडं एक कापडी पिशवी होती. जाताना मी ती माझ्या स्कूटीच्या पुढं पायांपाशी ठेवली आणि त्यांना स्टँडवर सोडलं. पिशवीत काय आहे, हे मी विचारलं नाही. मामांच्या पिशवीत काय असणार? पेंड, दावं, मामीसाठी बांगड्या.

पटाच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी चांदवाल्याचा पाय दाबून पाहिला, त्याला चालवून पाहिलं. पाय थोडा जपून टाकतोय, म्हणाले. मामा म्हणाले, आता बरा हाय. डॉक्टरांनी परवानगी दिली. दुपारी सगळ्यांत शेवटी जोडी रेघेवर आली तेव्हा बैल जराही लंगडत नव्हता. मला बरं वाटलं. मामांनी टिचकी वाजवायच्या आत जोडी सुटली. मी तशी धाव पाहिली नव्हती. ते दोघं पळत नव्हते, कोणीतरी मागं लागल्यासारखे जीव घेऊन निघाले होते. निदान एक तरी. घड्याळावर आकडा आला आणि मैदान उठलं. “लई पळाली! लई पळाली!” मी घसा फाटेपर्यंत ओरडले. बघा, म्हणत होते मी, कोणाला उद्देशून ते माहीत नाही, बघा, इमानदारीनं पळणारी जोडी पहिली येते.

मामांना उचलून मांडवात नेलं. फेटा बांधला, गुलाल लावला, पुढाऱ्यासोबत फोटो झाले. मी मोबाइलवर सगळं टिपत होते. वीस मिनिटं गेली असतील. मामी तेवढी बैलांपाशी होती, कारण तिला मांडवात कोणी बोलावलंच नव्हतं.

ती धावत आली, पदर सुटलेला. “अहो, त्यो थरथरायलाय! पाणी घेईना!”

आम्ही पोचलो तेव्हा चांदवाला चार पाय फाकवून उभा होता. तोंडातून फेस खाली लोंबत होता. बरगड्या इतक्या वेगानं उडत होत्या की मोजता येत नव्हत्या. डोळे लाल, बाहेर आलेले. डॉक्टर आले, छातीला नळी लावली आणि लगेच काढली.

“काय दिलं?”

“ऊन लागलं असंल,” मागून कोणीतरी बोललं.

“हिवाळ्यात?” डॉक्टरांनी मान वळवलीसुद्धा नाही. “मामा, काय दिलं ते सांगा. न सांगता मी काहीतरी टोचलं आणि ते वावगं झालं, तर तो माझ्या हातून मरेल. सांगितलंत तर एखादी संधी आहे. आत्ता सांगा.”

मी रागानं पुढं झाले. “डॉक्टर, हे काय विचारताय? ते देतच नाहीत काही! त्यांनीच तर मला—”

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. चौकोनी घडी. ती उलगडून त्यांनी डॉक्टरांपुढं धरली आणि अंगठा ठेवला. नखात हळद होती.

“ही चौथी वळ,” ते म्हणाले. अंगठा खाली सरकला. “आन् ही पाचवी.”

“दोन्ही?” डॉक्टर ओरडले. “एकदम?”

“एकदम देऊ नये असं कुठं लिवलंय ह्याच्यात?”

ते मला टोचून बोलत नव्हते. खरंच विचारत होते. माझ्या कागदावर त्यांचा विश्वास होता. मी हे का लिहिलं नव्हतं? कारण पत्रक वाचून कोणी देईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद घेतला, वाचला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पेटी उघडली. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता, एवढंच तिच्यात होतं.

मी मामांचा दंड धरला. “का? मामा, का पण?”

“तूच कागद वाटलेस ना, माय. पाचशे.” मामा म्हणाले. “समद्यांनी वाचला. खिशात घातला. मला दिसत व्हतं. मंग समदेच देणार. जे आजवर देत नव्हते तेबी देणार. माझाच एकटा कोरडा पळावा का? ह्याचा तर पायबी दुखत व्हता.”

ती पिशवी. मी पायांशी ठेवून, खड्डे चुकवत क्रांती चौकातून नेली होती.

डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली. आम्ही त्याच्यावर ओली पोती टाकली. मामी त्याच्या तोंडावरचा फेस पदरानं पुसत होती आणि त्याच्याशी बोलत होती, लहान असताना बोलायची तसं. मग त्याचे पुढचे गुडघे मोडले. मागचे पाय काही वेळ तसेच ताठ राहिले आणि मग तेही गेले. मामी खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मामा चार हात लांब उभे होते, हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. डॉक्टरांनी शेवटी नळी कानातून काढली आणि गळ्यात तशीच राहू दिली. “वीस मिनिटं आधी कळलं असतं तर,” एवढंच म्हणाले. जोडीदार बैल शेजारी दावणीला उभा होता. तो वाकून त्याचं कपाळ चाटत होता.

मांडवातून भोंगा सुरूच होता. मानाच्या जोडीच्या मालकानं स्टेजवर यावं.

मामा स्टेजकडं गेले. फेटा डोक्यावर तसाच. मी मागोमाग पळाले, वाटलं, हे आता काय करणार? त्यांनी निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

“माझी जोडी बाद करा. मी औषध दिलं व्हतं. बैल मेला.”

निवेदकानं घाईनं माईक ओढून घेतला. “मालक दुःखात आहेत, मंडळी. उन्हाचा तडाखा बसल्यामुळं—”

“ऊन नाय,” मामा माईकशिवायच म्हणाले. पहिल्या चार-पाच रांगांना ते ऐकू गेलं.

मग जे झालं त्याचा धक्का मला बैलाच्या मरणापेक्षा कमी बसला नाही. पंचांनी दुसऱ्या नंबरच्या मालकाला वर बोलावलं. तो उठला, दोन पावलं स्टेजकडं आला आणि थांबला. त्यानं हात जोडले. “जरा माझ्या बैलाकडं बघून येतो,” म्हणाला आणि निघून गेला. चालत नाही, पळत. त्याच्या मागोमाग तिसऱ्या नंबरचा. मग सातवा, आठवा, आणखी मागचे काही. कोणी काही कबूल केलं नाही. कोणी कोणाकडं बघितलं नाही. गुलालानं माखलेली पंचवीस-तीस माणसं खुर्च्या सरकवत उठली आणि आपापल्या दावणीकडं पळत सुटली. समोरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. पुढारी ट्रॉफी हातात धरून उभा राहिला, कोणाला द्यावी ते त्याला कळेना.

मी डॉक्टरांची पेटी उचलली आणि त्यांच्या मागं फिरले. प्रत्येक दावणीपाशी एकच गोष्ट घडली. डॉक्टर विचारत, “काय?” मालक आजूबाजूला बघून त्यांच्या कानाला लागत. दोघांनी तर बोलायचेही कष्ट घेतले नाहीत, खिशातून माझा कागद काढून बोट ठेवलं. एक बैल थरथरत होता, दुसरा उभ्या उभ्या झुलत होता. दोघंही वाचले, कारण त्यांना एकच औषध दिलं होतं आणि काय दिलंय ते कळलं होतं. ज्यांनी काहीच दिलं नव्हतं असेही मालक होते. ते आपल्या बैलांना पाणी पाजत होते आणि माझ्याकडं असं बघत होते की मला मान वर करता आली नाही. शर्यत त्यांचीही होती. ती त्यांच्यापासून कोणी चोरली? मामांनी? लाल डोळेवाल्यांनी? मी?

संध्याकाळी निघताना मामा माझ्या पाया पडायला वाकले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी वाकले, तर ते मागं सरकले.

वडिलांशी माझं अजून पटलेलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पत्रक पुन्हा वाचलं, दोनदा, आणि म्हणाले, “पण यात खोटं काय आहे?” काहीच नाही. तेच तर. “मग मोघम लिहायचं का आपण? लपवायचं?” आमचा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. चोर कुलूप कसं तोडतो हे सांगणं आणि लोकांना जागं करणं, या दोन गोष्टी मी एकच धरून चालले होते. वडील आजही एकच धरतात. मी नाही. पण मी गप्पही बसणार नाही, कारण मोघम बोलणाऱ्यांचंही फावतंच, ‘ऊन लागलं’ म्हणणाऱ्यांचं. म्हणून या वेळी औषधाचं नाव नाही, वेळ नाही, मात्रा नाही. फक्त तुम्ही काय करायचं ते लिहिते.

तुम्ही पट बघायला जाल. मी नको म्हटलं तरी जाल. निकाल लागला की मांडवाकडं धावू नका, फोटोसाठी तर नाहीच. जिंकलेल्या जोडीपाशी जा आणि अर्धा तास तिथं थांबा. बैल पाणी घेतो का बघा. बरगड्या शांत होतात का बघा. डोळे बघा. मालकीण तिथं असेल तर तिला विचारा, तिला आधी कळतं. काही वेगळं वाटलं तर डॉक्टरांना हाक मारा, आणि कोणी ऊन-वारा सांगू लागला तर ऐकून घेऊ नका. मालकाला सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारा, “काय दिलंय?” तो उत्तर देईपर्यंत हलू नका. तो तुमचा मामा असला तरी विचारा.